वाटणीच्या यादीतील माणसे



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या इस्टेटीची त्यांच्या वारसांत वाटणी कशी होई, हे आपण कोकणच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी वैशाखाच्या उकाड्यात बसून का ऐकावे? आणि तेही युनियनची वर्गणी गोळा करीत फिरणाऱ्या माणसाच्या तोंडून? मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. इंग्रजी शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा पंडिताई मजकडे नाही. हा विषय मला सापडला तो एका भातगिरणीच्या दारात, आणि तिथूनच सुरुवात करणे बरे.

२००४ सालची गोष्ट. आमच्या भागातील एका गिरणीचे मालक वारले. माणूस तसा वाईट नव्हता. दिवाळीला हातावर काहीतरी ठेवी, आजारपणात उचल देई. त्यांना तीन मुलगे. रीतसर वाटणी झाली: थोरल्याला गिरणी, मधल्याला वखार आणि दुकान, धाकट्याला मालमोटारी. वकिलाने टाइप केलेल्या यादीची एक प्रत आमच्या हाती आली. मोटार एक, वजनकाटा एक, रिकामी पोती चारशे, ताडपत्र्या इतक्या, आणि सर्वात खाली कामगारांची सतरा नावे. प्रत्येक नावापुढे अ, ब किंवा क असे अक्षर. सहा, सहा आणि पाच. एक जोडपे होते. बायको तांदूळ पाखडणारी, ती थोरल्याकडे. नवरा हमाल, तो धाकट्याच्या गाडीवर पनवेलला. कोणी कोणाला विचारले नव्हते.

मी ती याद तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला तो ताडपत्रीखाली माणसांची नावे पाहून. तिसऱ्यांदा वाचताना खरी गोम कळली, ती शेवटी सांगेन. पुढे काही महिन्यांनी फ्रेडरिक डग्लस या अमेरिकेतील निग्रो पुढाऱ्याचे आत्मचरित्र मी वाचावयास घेतले, आणि काय सांगू, त्यात मला तीच याद पुन्हा भेटली.

डग्लस १८१८ साली मेरीलँड प्रांतात गुलाम म्हणून जन्मला. त्याच्या धन्याचे नाव ॲरन अँथनी. हा मोठा मळेवाला नव्हता. एका बड्या जमीनदाराचा कारभारी, स्वतःची थोडी शेते आणि काही गुलाम बाळगून असलेला. १८२६ साली तो मेला, आणि मृत्युपत्र करून ठेवले नव्हते. मुलगा डग्लस त्या वेळी बाल्टिमोर शहरात धन्याच्या नातलगांकडे कामाला होता. वाटणीसाठी त्याला परत बोलावले. वय नऊ-दहा वर्षांचे. तिथे त्याने पाहिले की म्हातारे, तरणे, बायका, पोरे सर्व एका रांगेत उभे केले आहेत, आणि त्यांच्या जोडीला घोडे, मेंढरे, डुकरे. सर्वांची तपासणी एकच, आणि किंमत ठरविणारे पंचही तेच. वारस तीन: दोन मुलगे आणि लुक्रिशिया ही मुलगी. मुलांपैकी अँड्र्यू हा दारूबाज आणि क्रूर. डग्लसच्या धाकट्या भावाला त्याने सर्वांदेखत खाली पाडून टाचेने तुडविले होते. आपण याच्या वाट्याला जातो की काय, या धास्तीत ती सगळी माणसे उभी होती. डग्लस सुदैवी; तो लुक्रिशियाच्या वाट्याला गेला आणि बाल्टिमोरला परत पाठविला गेला. तिथेच तो लिहावयास शिकला, तिथूनच पुढे पळाला. एका चिठ्ठीचे अक्षर इकडचे तिकडे झाले असते तर आज आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

ही झाली एका मुलाची हकीकत. आता ही वाटणी होई कशी, त्याची रीत पाहू. कारण यात राक्षसीपणा शोधाल तर तो फारसा सापडणार नाही, सापडेल तो नीटनेटका कारभार.

धनी मेला की न्यायालय शेजारपाजारचे प्रतिष्ठित लोक पंच म्हणून नेमी. ते मळ्यावर येत आणि जंत्री करीत. नाव, वय, किंमत. उत्तम शेतकामाच्या तरुणाची किंमत सर्वात अधिक, लोहार-सुतार त्याहून वर, पोर अंगाखांद्याने वाढेल तशी किंमत वाढे, आणि ज्यांनी तो मळा उभा केला त्या म्हाताऱ्यांच्या नावापुढे बहुधा शून्य. मग आधी कर्ज. सावकाराचे देणे फिटल्याशिवाय वारसाला काही नाही, हा नियम तिकडेही होता आणि मळेवाले बहुधा कर्जात बुडालेले असत. कर्ज फेडायचे कशातून? जमीन लगेच विकत नाही. माणूस लगेच विकतो. त्यानंतर विधवेचा हक्क, साधारणपणे एक तृतीयांश, पण तिच्या हयातीपुरता. उरलेल्यांचे वारस असतील तितके गट पाडीत. सर्व गटांची किंमत सारखी यावी म्हणून माणसे या गटातून त्या गटात हलवीत. मग चिठ्ठ्या टाकीत. एखाद्या गटाची किंमत शंभर-पन्नास डॉलरने जास्त भरली तर तो गट मिळणारा बाकीच्यांना तेवढी रोकड देई. कोणावर अन्याय नको!

वारस अज्ञान असला तर त्याच्या वाट्याची माणसे तो सज्ञान होईपर्यंत भाड्याने लावीत. हे करार दर वर्षी १ जानेवारीच्या सुमारास होत, म्हणून त्या लोकांत नववर्षाचा दिवस हा रडण्याचा दिवस होता. आणि मृत्युपत्र असेल तर त्यात अमुक स्त्री आणि तिची यापुढे होणारी संतती असेही लिहिलेले सापडते. म्हणजे जन्माला न आलेल्या मुलाचा धनी आधी ठरलेला.

इथे एक गोष्ट मला तुमच्यापुढे मुद्दाम मांडायची आहे, कारण ती लक्षात यायला मला वेळ लागला. इंग्लंडात सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याची चाल होती. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ही चाल सरंजामी म्हणून तिथल्या संस्थानांनी मोडून काढली. व्हर्जिनियात १७८५ साली हा कायदा झाला तो थॉमस जेफर्सनच्या खटपटीने. सर्व मुलांना सारखा वाटा, मुलींनाही वाटा. किती पुढारलेला कायदा! आपल्याकडे मुलीला बरोबरीचा वाटा मिळावयास २००५ साल उजाडले. पण हाच कायदा मळ्यावरच्या माणसांच्या बाजूने पाहा. सगळी इस्टेट थोरल्याकडे गेली असती तर निदान ती माणसे एकत्र राहिली असती. पाच मुलांना सारखा न्याय म्हटल्यावर पाच ठिकाणी त्यांची फाळणी. जमीन बहुधा मुलग्यांकडे जाई आणि मुलींना लग्नात किंवा वाटणीत माणसे देत, कारण जमीन सासरी नेता येत नाही, माणूस नेता येतो. पुढे कापसाचा बाजार चढला तसे धाकटे मुलगे आपला वाटा घेऊन अलाबामा, मिसिसिपीकडे शेकडो मैल गेले. त्या वाट्यात कोणाची आई होती, कोणाचा नवरा होता. धन्याच्या घरात जितकी समता, तितकी दासांच्या घरात ताटातूट. कायदा चांगला की वाईट, हे आधी यादीत आपले नाव कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठरवावे लागते.

खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनला या गणिताने हरविले. त्याची पत्नी मार्था हिचा पहिला नवरा कस्टिस हा १७५७ साली मृत्युपत्र न करता वारला. त्यामुळे मार्थेला तिचा तिसरा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. १७९९ साली वॉशिंग्टन वारला तेव्हा त्याच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याचे स्वतःचे; त्यांना मुक्त करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. पण १५३ होते कस्टिसच्या इस्टेटीतले, आणि त्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता, मार्थेलाही नव्हता. दोन्हीकडच्या माणसांची आपापसांत लग्ने झालेली. १८०१ साली एका बाजूची माणसे सुटली. १८०२ साली मार्था वारली तेव्हा दुसऱ्या बाजूची तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. एकाच झोपडीतला नवरा मोकळा आणि बायको-मुले वाटणीत, असे झाले. ज्याने एक राष्ट्र स्वतंत्र केले त्याला आपल्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या वारसाहक्कापुढे हात टेकावे लागले.

जेफर्सनचे तर विचारूच नका. १७७३ साली त्याचा सासरा वारला, तेव्हा जेफर्सनच्या घरात १३५ गुलाम आले. त्यांत सॅली हेमिंग्ज ही लहान पोर होती. ती सासऱ्यालाच एका दासीपासून झालेली, म्हणजे जेफर्सनच्या पत्नीची सावत्र बहीण, असे बहुतेक इतिहासकार मानतात. बहिणीला बहीण वारसाहक्काने मिळाली!

आता मी तुम्हाला एका भातशेतीच्या इस्टेटीकडे नेतो. आपण खारेपाटातली माणसे, भाताची गोष्ट आपल्याला लवकर कळेल. जॉर्जिया प्रांतात आल्टामाहा नदीच्या मुखाशी बटलर नावाच्या घराण्याचे बेट होते. समुद्राच्या भरतीने नदीचे गोडे पाणी वर ढकलले जाई, ते झडपा उघडून शेतात घेत आणि ओहोटीला सोडून देत. आपण बांध घालतो तो खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी, आणि उघाडी ठेवतो ती पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी. त्यांची युक्ती थोडी वेगळी, पण चिखल तोच, बांध तोच आणि बांध फुटल्यावर रात्री उठून धावणारी माणसेही तशीच. फरक इतका की ती माणसे इस्टेटीचाच भाग होती.

या घराण्याचा मूळपुरुष मेजर पिअर्स बटलर हा अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक. तो १८२२ साली वारला. इस्टेट त्याच्या दोन नातवांकडे आली, पिअर्स आणि जॉन. कितीतरी वर्षे ती अविभक्त राहिली. नातू पिअर्सची बायको फॅनी केंबल ही इंग्लंडची नामांकित नटी. तिने १८३८-३९ चा हिवाळा त्या मळ्यांवर काढला, पाहिलेले लिहून ठेवले, आणि १८६३ साली, ऐन यादवी युद्धात, ते छापले. तोवर नवऱ्याशी घटस्फोट होऊन गेला होता. जॉन १८४७ साली वारला. पिअर्स जुगारात आणि शेअरबाजारात बुडाला. सावकारांचे देणे भागवायचे तर त्याचा हिस्सा वेगळा काढणे भाग होते. म्हणून १८५९ च्या फेब्रुवारीत पंचांनी मळ्यांवरच्या सुमारे ९०० माणसांच्या दोन याद्या केल्या. एक जॉनच्या इस्टेटीची. ती माणसे जागच्या जागी राहिली. दुसरी पिअर्सची, ती सव्हाना शहरी लिलावाला गेली. पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर राबलेली माणसे, यातला कोण कोणत्या यादीत, याला कारण एवढेच की दोन्ही याद्यांची बेरीज जुळायला हवी होती.

सव्हानात घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते. तिथल्या तबेल्यांत त्यांना ठेवले. २ आणि ३ मार्च या दोन दिवसांत सुमारे ४३० माणसे विकली गेली. उत्पन्न ३,०३,८५० डॉलर, म्हणजे माणशी सरासरी सातशे. दोन्ही दिवस पाऊस पडत होता असे नमूद आहे. न्यूयॉर्क ट्रिब्यून या पत्राचा एक बातमीदार गिऱ्हाइकाच्या वेषात तिथे हजर होता, म्हणून आपल्याला तपशील मिळतो. विक्रीचा एक नियम दयाळूपणाचा होता: कुटुंब फोडायचे नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुले. म्हातारे आईबाप आणि भावंडे त्यात धरलेली नव्हती. त्या बातमीदाराने जेफ्री नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाची हकीकत दिली आहे. त्याचे डॉर्कस नावाच्या मुलीवर मन होते, पण अद्याप लग्न लागले नव्हते. जेफ्री विकला गेला. तो नव्या धन्याच्या विनवण्या करू लागला की तिलाही घ्या, ती कामाला चांगली आहे, आम्ही लग्न करू. धन्याची तयारी झाली. पण डॉर्कस एकटी विक्रीस नव्हती. ती चार माणसांच्या कुटुंबात लावलेली होती, आणि कुटुंब फोडायचे नाही हा तर नियम. चौघांना घेण्याची त्या धन्याची तयारी नव्हती. ती दुसरीकडे गेली. दयेच्या नियमानेच त्या दोघांना तोडले. लिलाव संपल्यावर पिअर्स बटलरने विकल्या गेलेल्या प्रत्येकाच्या हातावर नव्या नाण्यांत एक एक डॉलर ठेवला म्हणतात. आमच्या गिरणीच्या मालकांची दिवाळी मला इथे आठवली. पण ते असो.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. मग काय झाले? माणसे एकमेकांना शोधू लागली. निग्रो लोकांच्या आणि चर्चच्या वर्तमानपत्रांत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती येऊ लागल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका पत्रात तर १८७९ पासून त्याचे सदरच चाले, आणि ते रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवीत. या जाहिराती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. आईचे आडनाव, गावाचा पत्ता असे काही त्यांत फारसे नसते, कारण ते ठाऊकच नाही. त्यात असते ती धन्याच्या घराण्याची वंशावळ: आम्ही अमक्याचे होतो, तो मेला, आई त्याच्या मुलीकडे गेली, तिचे लग्न अमक्याशी झाले, ती टेक्सासला गेली, मी धाकट्या मुलाच्या वाट्याला आलो. आपली आई शोधायची तर धन्याच्या वाटणीपत्राची याद पाठ असावी लागे. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे लोकांनी ती पाठ ठेवली होती.

आता कोणी म्हणेल, हे सर्व सातासमुद्रापलीकडचे. महात्मा फुले यांना तसे वाटले नाही. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना, आपल्याकडेही तसे व्हावे या आशेने. आपल्या किनाऱ्याला तर गुलाम ही वस्तू अजिबात नवी नव्हती. अरबी समुद्र ओलांडून हबसाणातून माणसे विकावयास आणीत. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हाही कित्येकदा विकला गेलेला माणूस. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, घरकामाला, पागेला, कोठारांना आणि किल्ल्यांवर लावल्या जात. तेव्हा घरातली दासी वाटणीत कोणाकडे, हा प्रश्न आपल्याकडेही होता, आणि आपल्या धर्मशास्त्राने त्याचा विचार केलेला आहे.

मी संस्कृत जाणत नाही. मराठी भाषांतरावरून बोलतो. मिताक्षरा हा आपल्या वारसाहक्काचा आधारग्रंथ. विज्ञानेश्वराने तो नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याण नगरीत लिहिला. त्यात वाटणीच्या प्रकरणात हा प्रश्न येतो: दासींची संख्या विषम असेल, वारसांत सारखी वाटता येत नसेल, तर काय करावे? उत्तर असे की तिला विकून पैसे वाटू नयेत. तिने प्रत्येक भावाच्या घरी पाळीपाळीने काम करावे. बापाने ठेवलेली स्त्री मात्र वाटू नये. बृहस्पतीच्या नावावर असलेल्या स्मृतीतही हेच सांगितले आहे: दासी एकच असेल तर ज्याचा जेवढा अंश, तेवढे काम तिने त्याच्या घरी करावे.

पाळी! या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. अमेरिकेची रीत अशी की माणसांचा गट फोडायचा आणि एकेका धन्याला एकेक माणूस तोडून द्यायचा. आपली रीत अशी की माणूस तोडायचा नाही, धनी वाढवायचे. हे दयाळू आहे का? एका दृष्टीने आहे; ती दासी लिलावाच्या ओट्यावर चढत नाही, गाव सोडत नाही, तिची पोरे तिच्याजवळ राहतात. पण ज्या बाईने चार सख्ख्या जावांच्या घरी पाळीने भांडी घासली असतील तिला विचारा. प्रत्येक घरचा दिवस ठरलेला, आणि प्रत्येक घराला वाटते की आपल्या दिवशी काम जास्त निघाले पाहिजे. चौघींपैकी तिच्या दुखण्याची जबाबदारी कोणाची? ज्या दिवशी ती पडेल त्या दिवशी ज्याची पाळी, त्याची. आणि तो म्हणेल, कालपर्यंत तर ती थोरल्याकडे होती.

इंग्रजांच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा हक्क मानण्याचे थांबविले, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. दासी वाटण्याचा प्रश्न कागदावर संपला. पण पाळी संपली नाही. ती आपल्या कोलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत गावाच्या गावांना लागू होती, आणि तिचे नाव खोती.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून धान्यात वसूल करी; भाताचा निम्मा हिस्सा घेई तो अर्धेल, तिसरा घेई तो तिर्धेल. वर वेठ. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या कामावर जाण्याच्या वेठीला आठवेठ असा शब्दच होता. खोत मेला की खोती वारसांत जाई. पण गाव कापता कसा येणार? म्हणून तक्षिमा पडत: चार आणे, दोन आणे, पुढल्या पिढीला सहा पै, तीन पै. आणि गावाची वहिवाट तक्षीमदारांनी वर्षावर्षाच्या पाळीने करायची. यंदा या शाखेचा खोत, पुढल्या वर्षी त्या शाखेचा.

मला इथे कोणा घराण्याला नावे ठेवायची नाहीत. खोतांची मुले शिकली, त्यांतली काही कुळांच्याच बाजूने उभी राहिली, हे आपण जाणतो. मी बोलतो ते रचनेविषयी. ज्याची पाळी बारा वर्षांनी एकदा, आणि तीही एका वर्षाची, त्याला त्या वर्षात काय ते वसूल करायचे असते. बांध दुरुस्त करून फायदा पुढच्या पाळीवाल्याचा. कुळाला सूट दिली तर तोटा आपला, पुण्य दुसऱ्याचे. शिवाय गेल्या वर्षी एका खोताने तोंडी कबूल केलेली गोष्ट यंदाच्या खोताला बांधील नाही. वाटणी घरात झालेली असते, वाद भावाभावांचे असतात, आणि पावती मागत दारोदार फिरतो तो कूळ. तो गुलाम नव्हता. त्याला कोणी विकू शकत नव्हते, मनात आणले तर तो मुंबईच्या गिरणीत जाऊ शकत होता, आणि हजारोंनी गेलेही. हा भेद मोठा आहे आणि तो पुसू नये. पण धन्याच्या घरी झालेल्या मृत्यूने ज्याचे आयुष्य बदलते आणि त्या घरातल्या बैठकीला ज्याला बोलावणे नसते, या बाबतीत तो डग्लसच्या रांगेत उभा होता.

पुढे काय झाले ते आपल्याच तालुक्याचे भूषण आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी गावी सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी जमिनी न कसण्याचे ठरविले. संप सहा वर्षे चालला. आम्ही कारखान्यात सहा आठवडे संप चालवितो तेव्हा आमची काय अवस्था होते ते आम्हाला ठाऊक. ही माणसे सहा वर्षे लाकूडफाटा आणि मासळीवर राहिली. या संपात मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे की तो एका खोताविरुद्ध किंवा एका सावकाराविरुद्ध नव्हता. अमक्याचे कूळ, तमक्याचे कूळ ही वाटणी कुळांनीच मोडली. धनी अनेक होते, संप एकच होता. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. ते विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ साली कूळकायदा झाला, १९४८ साली दुसरा, आणि खोती रद्द करणारा कायदा व्हावयास १९४९ साल यावे लागले. १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्याला मालक मानण्याचा दिवस ठरला. तिथे तक्षीम, पाळी, सगळे संपले. आता कुळांच्याच नातवंडांत सात-बाऱ्यावर अठरा-अठरा नावे आहेत आणि वाटण्यांचे दावे चालू आहेत. पण त्या याद्यांत माणसे नाहीत, जमीन आहे.

राहिली ती गिरणीची गोष्ट. सहा, सहा आणि पाच यातली गोम अशी. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा त्या वेळी लागू होई तो दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी. सतराला तिघांत वाटले की एकाकडेही दहा उरत नाहीत. शिवाय तिघेही म्हणू लागले की हा माणूस आमच्याकडे आजपासून लागला. मागच्या पंचवीस वर्षांचे वडिलांना विचारा. वडील तर गेलेले. वकिलाने हे हेतूने केले की सहज झाले, मला ठाऊक नाही. बेरीज जुळविताना असे आपोआपही घडते. पण त्याच कायद्यात १९८४ साली घातलेले एक कलम होते, की एकदा कायदा लागू झाला म्हणजे पुढे माणसे दहाच्या खाली गेली तरी तो लागूच राहतो. ते कलम मी त्याच वाचनालयाच्या बाकावर शोधून काढले, हे मला आजही सांगावेसे वाटते.

आम्ही त्या सतराजणांना एकच गोष्ट सांगितली: अ, ब, क विसरा, तिन्ही दारांत सतराच्या सतरा उभे राहा. अकरा दिवस ते तसे उभे राहिले. तिघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्यामुळे त्यांना एका खोलीत बसावे लागले. तडजोड झाली ती अशी: जुनी नोकरी सलग धरायची, ग्रॅच्युइटीचा बोजा तिघांनी आपापल्या वाट्याच्या प्रमाणात उचलायचा. तो हमाल पनवेलहून परत गिरणीवर आला. पाखडणाऱ्या बायांपैकी दोघींची नावे मात्र हजेरीपटावर कधी चढलीच नव्हती. त्या सतरांतही नव्हत्या आणि यादीतही नव्हत्या. त्यांना आम्ही काही मिळवून देऊ शकलो नाही. त्यांतली एक अजून बाजारात भेटते. ती मला विचारते, भाऊ, त्या यादीत माझे नाव कसे काय नव्हते?